शिक्षा होईल

आमच्या इमारतीच्या फाटकापाशी बिहारमधलं एक जोडपं इस्त्रीची गाडी लावतं. कोळशाची जड इस्त्री, शेजारी पाण्याचा डबा, आणि ओलसर सुती कापडावर तापलेलं लोखंड फिरलं की उठणारा तो भाजका वास. त्यांची मुलगी इथल्याच मराठी शाळेत दुसरीत आहे. परवा संध्याकाळी कपडे आणायला गेले तेव्हा तिच्या आईने गाडीच्या खालच्या फळीवरून एक वही काढली आणि माझ्यापुढे धरली. खाकी कव्हर, मुडपलेले कोपरे, आणि आतल्या पानावर लाल शाईत बाईंचा शेरा: ‘उद्या गृहपाठ पूर्ण करून न आणल्यास शिक्षा होईल.’ तिला देवनागरी वाचता येतं. ओळीवर बोट ठेवून तिने एकेक शब्द उच्चारला, मधल्या शब्दांना अडखळली, पण शेवटच्या दोन शब्दांपाशी आल्यावर तिचा चेहरा खुलला. “शिक्षा होईल, मतलब शिक्षा होगी ना, दीदी? ये तो अच्छी बात है. बस बीच का समझ में नहीं आया.”

मी तिला सांगितलं की इकडे शिक्षा म्हणजे सज़ा.

तिने पुन्हा एकदा वहीत पाहिलं. “लिखा तो वही है,” ती म्हणाली. मग पढ़ाईला इकडे काय म्हणतात, असं विचारलं. मी म्हटलं, शिक्षण. तिने दोन्ही शब्द एकामागून एक पुटपुटून पाहिले, वही फळीवर ठेवली आणि इस्त्री उचलली. बाईंवर ती रागावली नाही, मुलीवरही नाही. तिला वाईट वाटलं ते त्या शब्दाचं. मुलीला शिकवायचं म्हणून ज्या शब्दाखातर ही माणसं गाव सोडून शहरात आली, तोच शब्द इथे लाल शाईत धमकी होऊन बसला होता. कपड्यांचा गठ्ठा घेऊन मी वर आले, पण ते ‘लिखा तो वही है’ काही केल्या डोक्यातून जाईना.

कारण माझ्या कानाला त्या वाक्यात काहीच खटकलं नव्हतं. ‘शिक्षा’ म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे येतात ते अंगठे. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्हरांड्यात शहाबादी फरशीवर ओळीने वाकलेली आम्ही मुलं, आपापले पायाचे अंगठे धरून, कानशिलांत रक्त उतरलेलं, आणि उलट्या जगात दिसणारे गुरुजींच्या चपलांचे अंगठे. कोंबडा, उठाबशा, पट्टीच्या कडेचा बोटांच्या सांध्यांवर बसणारा फटका. आणि निरगुडीचा फोक. तो आणायलाही आमच्यातल्याच एकाला ओढ्याकाठी पिटाळत. जाणारा मुलगा फोक निवडताना बारीक घेऊ की जाड, या विचाराने रडकुंडीला यायचा, कारण बारीक फोक जास्त झोंबतो हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. निरगुडीचा पाला चुरगळला की येणारा उग्र कडवट वास आजही नाकात गेला तर माझे तळहात आपसूक मिटतात. या गुरुजींवर माझा जीव होता, हेही तितकंच खरं. कविता म्हणताना ते खिडकीबाहेर बघत, आवाज खाली आणत, आणि सगळा वर्ग पुढे झुकून ऐकत असे. मराठीचं वेड मला लागलं ते त्यांच्यामुळे. हे दोन्ही हात एकाच माणसाचे होते, आणि त्यातल्या एकाला वजा करून मला त्यांची आठवण काढता येत नाही.

तर हा शब्द मुळात काय होता?

संस्कृतात ‘शक्’ म्हणजे समर्थ असणं, जमणं, करू शकणं. आपलं ‘शकणे’, ‘शक्ती’, ‘शक्य’ हे सगळं त्याच घरचं. संस्कृतात धातूला ‘सन्’ नावाचा प्रत्यय लागला की त्या क्रियेची इच्छा असा अर्थ होतो. ज्ञा म्हणजे जाणणं, जिज्ञासा म्हणजे जाणण्याची इच्छा. पा म्हणजे पिणं, पिपासा म्हणजे पिण्याची. श्रु म्हणजे ऐकणं, म्हणून शुश्रूषा ही खरी ऐकण्याची इच्छा. गुरूचं ऐकायला त्याच्याजवळ राहणारा शिष्य त्याची सेवाही करणार, म्हणून शुश्रूषेचा अर्थ सेवा झाला आणि पुढे मराठीत ती आजाऱ्याच्या उशाशी येऊन बसली. अगदी याच रीतीने ‘शक्’ला सन् लागून ‘शिक्ष्’ तयार होतो. शिक्षा म्हणजे समर्थ होण्याची इच्छा. मला हे जमलं पाहिजे, ही ओढ. पाणिनीच्या परंपरेतल्या धातुपाठात ‘शिक्ष’ हा स्वतंत्र धातूही दिलेला आहे आणि त्याचा अर्थ सांगितला आहे ‘विद्योपादाने’, विद्या घेणं. देणं नव्हे, घेणं. या शब्दात मुख्य माणूस शिकणारा आहे. गुरुजी अजून वर्गात आलेलेच नाहीत.

ते पहिल्यांदा येतात ते बेडकांबरोबर. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात, वसिष्ठांच्या मंडलात, एकशे तिसरं सूक्त मंडूकांचं आहे. वर्षभर निपचित पडलेले बेडूक पहिल्या पावसाने जागे होतात आणि बोलू लागतात. कुणी गाईसारखा हंबरतो, कुणी बोकडासारखा. कुणी ठिपक्यांचा, कुणी हिरवा. एक बेडूक ‘अख्खल’ असा आवाज करत दुसऱ्याकडे जातो, बापाकडे मुलगा जावा तसा. या ‘अख्खल’मध्ये काही अभ्यासकांना ‘अक्षर’ ऐकू येतं: बापाने अक्षर म्हणायचं, मुलाने ते बोबड्या जिभेने परत म्हणायचं. आणि पाचव्या ऋचेत तर उघडच सांगितलं आहे: ‘यदेषामन्यो अन्यस्य वाचं शाक्तस्येव वदति शिक्षमाणः’. यांच्यातला एक दुसऱ्याचं बोलणं असं बोलतो, जसा शाक्ताचं बोलणं शिक्षमाण बोलतो. शाक्त म्हणजे ज्याला येतं तो. शिक्षमाण म्हणजे ज्याला यावंसं वाटतं तो. दोघेही एकाच ‘शक्’चे. गुरू आणि शिष्य यांच्यात फरक एवढाच, की एकाला जमलं आहे आणि दुसऱ्याला जमायचं आहे.

ही ऋचा वाचली की मला आमच्या शाळेतला जुलै ऐकू येतो. पत्र्यावर पाऊस इतका वाजायचा की शिकवणं अशक्य व्हायचं. मग गुरुजी सगळे वर्ग एकत्र बसवत आणि पाढे म्हणायला लावत. एकाने पुढे म्हणायचं, बाकीच्यांनी मागे. बे एके बे पासून सुरू होऊन एकोणतीसच्या पाढ्यापर्यंत आवाज चढत जायचा, पावसाशी चढाओढ लागायची, आणि शाळेमागच्या डबक्यात खरोखरच बेडूक ओरडत असायचे. त्या वेळी फोक कोपऱ्यात उभा असायचा. त्याची कुणाला आठवणही होत नसे. ओरडण्याच्या त्या आनंदात पाढे कधी पाठ झाले ते कळलंच नाही. तीन हजार वर्षांपूर्वी कुणी कवीने पावसातले बेडूक ऐकले आणि त्याला घोकणारी मुलं आठवली. त्याने नक्की तसा वर्ग पाहिला असणार, बहुधा तोही त्यात बसलेला असणार.

त्याच मंडलात बत्तिसाव्या सूक्ताची सव्विसावी ऋचा आहे. ‘इन्द्र क्रतुं न आ भर पिता पुत्रेभ्यो यथा।’ इंद्रा, बाप मुलांना देतो तशी तू आम्हाला बुद्धी आणून दे. आणि पुढे: ‘शिक्षा णो अस्मिन् पुरुहूत यामनि’. या वाटेवर आम्हाला शिक्षा, म्हणजे शिकव, मदत कर, समर्थ कर, म्हणजे आम्ही जिवंतपणी प्रकाशाला पोचू. इथे शिक्षा हे नाम नाही, क्रियापद आहे. कुणीतरी आपण होऊन मागतं आहे. मराठी माणसाने ही ओळ नुसत्या मराठी कानाने ऐकली, तर त्याला वाटेल की कुणी देवाकडे मार मागतो आहे.

पुढे या शब्दाचं शास्त्र झालं. सहा वेदांगांतलं पहिलं वेदांग म्हणजे शिक्षा, उच्चारांचं शास्त्र. तैत्तिरीय उपनिषदाची पहिली वल्ली, म्हणजे पहिला भाग, याच नावाची, आणि तिथे या शास्त्राची अख्खी यादी एका दमात येते: वर्ण, स्वर, मात्रा, बल, साम, संतान. लिहिण्याचा मागमूस नसताना हजारो ऋचा तोंडातून कानात आणि कानातून तोंडात सांभाळायच्या, तर जीभ कुठे टेकते आणि श्वास कुठे सुटतो याचा हिशेब ठेवणं भागच होतं. पाणिनीच्या नावावर चालणाऱ्या शिक्षेतला एक श्लोक मला फार आवडतो. वाघीण आपले बछडे दातांत धरून नेते, ते पडू नयेत म्हणून धरते आणि त्यांना दात लागू नये म्हणून जपते; वर्ण तसे उच्चारावेत. याच ग्रंथात वाईट पाठकांचे सहा प्रकार आहेत: गाऊन म्हणणारा, घाईने म्हणणारा, मान हलवणारा, लिहिलेलं वाचून म्हणणारा, अर्थ न जाणणारा आणि बारीक आवाजाचा. सगळे नमुने आमच्या वर्गात होते, आणि मान हलवल्याबद्दल मी स्वतः पट्टी खाल्ली आहे.

पण याच शास्त्रात धाकही शिरलेला दिसतो. स्वर, म्हणजे उच्चारातला चढउतार, चुकलेला मंत्र वाणीचं वज्र होऊन यज्ञ करणाऱ्या यजमानालाच मारतो, असं तिथे बजावलं आहे, आणि दाखला दिला आहे देवांचा कारागीर त्वष्टा याचा. त्याला इंद्राला मारणारा मुलगा हवा होता. ‘इंद्रशत्रु’ या समासात स्वर भलत्या जागी पडला, अर्थ उलटला, आणि इंद्राला मारणारा न निपजता इंद्राच्या हातून मरणारा वृत्र निपजला. एका आघाताची ही किंमत. चुकलास तर मरशील, असं सांगणाऱ्या शास्त्राचं नाव शिक्षा. मला वाटतं, शब्दाच्या अंगावर पहिली सावली इथे पडली. ही माझी समजूत आहे, व्याकरणाचा निर्णय नाही.

दुसरी सावली एका शेजाऱ्याची. संस्कृतात ‘शास्’ असा वेगळा धातू आहे. त्यात शिकवणंही आहे, राज्य करणंही आणि दंड करणंही. शास्त्र त्याचंच, शासन त्याचंच, शिष्यही त्याचाच. मराठीत शासन म्हणजे मंत्रालयात बसतं ते, आणि ‘कडक शासन करा’ म्हटलं की तो दंड. बेकायदा बांधकामावर बसणाऱ्या शास्तीकराने पिंपरी-चिंचवडच्या लोकांची वर्षानुवर्षं झोप उडवली, तोही याच कुळातला. शिक्ष् आणि शास् आवाजाने जवळ, कामानेही जवळ. एकाची सवय दुसऱ्याला लागली तर नवल नाही. मनुस्मृतीत हे गुंतलेपण लख्ख दिसतं. चौथ्या अध्यायात सांगितलं आहे की रागाने दुसऱ्यावर दंडुका उगारू नये, पण मुलगा आणि शिष्य यांचा अपवाद. त्यांना ‘शिष्ट्यर्थं’, म्हणजे शिकवण्यासाठी, मारावं. आठव्यात तर कशाने मारावं हेही आहे: दोरीने किंवा बांबूच्या कांबीने, पाठीवर, डोक्यावर कदापि नाही. आमच्या गुरुजींनी हे वाचलेलं नव्हतं, पण डोक्यावर ते कधी मारत नसत. आणि त्याच मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात मात्र म्हटलं आहे की अनुशासन अहिंसेनेच करावं, वाणी मधुर आणि मृदू वापरावी. दोन्ही श्लोक एकाच पुस्तकात आहेत. आपल्या शाळांनी कुठला उचलला, हे आपल्या तळहातांना विचारावं.

शिक्षावल्लीतच एक जागा आहे जिथे मी नेहमी थांबते. शिकून घरी निघालेल्या शिष्याला आचार्य शेवटचं सांगतो आहे. खरं बोल, स्वाध्याय सोडू नको, आई-वडिलांना देव मान. हे आपण सगळे पदवीदान समारंभात ऐकत आलो. पण पुढचं वाक्य सहसा कुणी म्हणत नाही: ‘यान्यस्माकं सुचरितानि। तानि त्वयोपास्यानि। नो इतराणि।’ आमचं जे चांगलं वागणं असेल तेवढंच तू घे, बाकीचं घेऊ नको. आपलं काही वागणं चांगलं नव्हतं, हे शिक्षक स्वतःच्या तोंडाने विद्यार्थ्याला सांगतो आहे. गुरुजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. कविता म्हणताना आवाज खाली आणायची त्यांची लकब माझ्यात आली आहे, असं जुने वर्गमित्र सांगतात. ती मी त्यांची म्हणून जपते.

हा शब्द भारतभर कसा पसरला ते पाहिलं की नकाशावर एक रेघच उमटते. हिंदी, बंगाली, उडिया, असमिया, नेपाळीत शिक्षा म्हणजे विद्या. पंजाबीत ती सिक्खिआ होते. नर्मदेकडे उतरा, की अर्थ पालटतो. गुजरातीत शिक्षा होते ती गुन्हेगाराला. मराठीत तेच. कानडीत ‘शिक्षे’, आणि फाशी म्हणजे ‘गल्लु शिक्षे’. तेलुगूत ‘मरणशिक्ष’, मल्याळीत ‘वधशिक्ष’. आपली फाशीची शिक्षा याच माळेतली. गंमत म्हणजे गुजराती, मराठी, कानडीने शाळेसाठी ‘शिक्षण’ हा त्याच घरातला दुसरा भाऊ ठेवून घेतला, तर तेलुगू-मल्याळीने विद्येचाच आसरा घेतला. म्हणजे गया जिल्ह्यातल्या आईने ज्या शब्दासाठी मुलीला शाळेत घातलं, तो शब्द त्रिवेंद्रमला पोचेपर्यंत न्यायाधीशाच्या तोंडी गेलेला असतो.

दिल्लीहून येणाऱ्या योजनांमुळे या रेघेवरची माणसं गोंधळतात. २०००-०१ साली सर्व शिक्षा अभियान आलं आणि महाराष्ट्रातल्या शाळांच्या भिंतींवर पेन्सिलीवर बसलेली दोन मुलं रंगवली गेली. वर नाव हिंदी, खाली मराठीत ‘सारे शिकूया, पुढे जाऊया’. सर्व शिक्षा! ते वाचून आमच्या गावातल्या एका म्हाताऱ्याने भिंतीकडे बघत विचारलं होतं, पोरांनी केलं तरी काय? २०१८ साली ते अभियान ‘समग्र शिक्षा’ या नव्या योजनेत सामील झालं. आणि ज्या कायद्याने मुलांना शाळेचा हक्क दिला, त्यात तर दोन्ही अर्थ एकमेकांसमोर उभे आहेत. हिंदीत तो ‘शिक्षा का अधिकार’. मराठीत ‘बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९’. १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे, आणि त्याचं सतरावं कलम मुलांना शारीरिक शिक्षा करायला आणि मानसिक त्रास द्यायला मनाई करतं. कायदा एकच, हिंदीत शिक्षा हक्काची, मराठीत शिक्षेला बंदी. हे कलम मला फार मोलाचं वाटतं. ओढ्याकाठी फोक आणायला जाणारा तो मुलगा त्या कलमामुळे आता कुठे जात नाही, निदान जाऊ नये. तरी वहीतली लाल शाई अजून वाळलेली नाही.

म्हणून मराठीवर राग धरावा, असं मात्र मला वाटत नाही. संस्कृतातून जसाच्या तसा आणलेला शब्द आपण कोर्टाला देऊन टाकला, पण मूळ अर्थ हरवला नाही. तो दुसऱ्या दाराने घरात आला होता. शिक्ष् प्राकृतात सिक्ख झाला, हिंदीत सीखना, मराठीत शिकणे. या क्रियापदाला कुणीही मारू शकलेलं नाही. पोहायला शिकतात, सायकल शिकतात, भाकरी थापायला शिकतात. शिकाऊ माणसाला दुकानात सगळे सांभाळून घेतात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, नावात शिक्षण हा शब्द घेतला, पण पोरांना सांगताना ‘कमवा आणि शिका’ म्हटलं. बाबासाहेबांच्या ज्या तीन हाका खेड्यापाड्यांतल्या निळ्या कमानींवर लिहिलेल्या असतात, त्या हिंदीत ‘शिक्षित बनो’ अशा सुरू होतात. मराठीत नुसतं ‘शिका’. त्या दोन अक्षरांत शक् आहे, जमलं पाहिजे ही ओढ आहे, आणि ज्यांना शतकानुशतकं शिकू दिलं नाही त्यांना उद्देशून ते म्हटलेलं आहे. १८४८ साली भिडेवाड्यात सावित्रीबाई मुलींपुढे उभ्या राहिल्या तेव्हा त्या मुली काय मागत होत्या, ते याच क्रियापदात सांगता येतं.

आणि जुना शब्दही या मातीत रोज उच्चारला जातो, फक्त पालीत. आमच्या जिन्यात समोरच्या घरी दर रविवारी सकाळी वंदना होते. आजी पुढे म्हणतात, नातवंडं मागे: ‘पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि’. जीवहिंसेपासून दूर राहण्याचं शिक्षापद मी स्वीकारते. पुढे चोरी, व्यभिचार, खोटं, दारू. प्रत्येक ओळीत सिक्खापदं, प्रत्येक ओळीत समादियामि. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंनी हेच म्हटलं. या सिक्खेत कुणी कुणाला बजावत नाही. ती दुसऱ्याने करायची नसते. आपण होऊन, ‘मी’ म्हणून, घ्यायची असते. धाकट्या नातवाला ‘सुरामेरयमज्जपमादट्ठाना’ अजून म्हणता येत नाही. तो दरवेळी मध्येच अडकतो, आजी सावकाश तोडून तोडून म्हणतात, आणि तो परत पहिल्यापासून सुरू करतो.